हेपारिन मिळत राहील का? डायलिसिसवर असलेल्या वडिलांच्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन देतात. नेहमीच्या कंपनीचं हेपारिन येत नाही म्हणून केंद्रावर सध्या दुसऱ्या कंपनीचं वापरतात. कारण विचारल्यावर "कच्चा माल चीनहून येतो, तिकडे अडचण आहे" एवढंच उत्तर मिळालं. ताईंनी विचारलंय की इतक्या जुन्या, साध्या इंजेक्शनसाठी आपण चीनवर अवलंबून का आहोत? कंपनी बदलली तर चालतं का? घरी दोन-चार व्हायल घेऊन ठेवाव्यात का? आणि हा पुरवठा पक्का करायचा तर नेमकं काय करावं लागेल?

मी नाशिकमध्ये रुग्णालयाची फार्मसी सांभाळतो. औषधांची खरेदी, साठा आणि तपासणी हे माझं रोजचं काम आहे. जे लगेच सांगता येतं ते आधी सांगतो.

कंपनी बदललेली चालते. परवानाधारक कंपनीचं, बिलावर घेतलेलं आणि नीट साठवलेलं हेपारिन असेल तर नुसत्या कंपनी बदलण्याने वडिलांना सहसा अपाय होत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष हवं. बाजारात एका मिलिलिटरला 1000 युनिटची आणि एका मिलिलिटरला 5000 युनिटची अशा दोन्ही व्हायल असतात. दोन्ही बहुतेकदा पाच मिलिलिटरच्या, आणि लांबून सारख्याच दिसतात. कंपनी बदलली की टेक्निशियनच्या नजरेला सवयीचा झालेला रंग बदलतो, आणि पाचपट डोस जायला तेवढं निमित्त पुरतं. 2007 मध्ये अमेरिकेत अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना 10 युनिटच्या जागी 10,000 युनिटचं हेपारिन दिलं गेलं होतं, कारण दोन्ही व्हायलची लेबलं निळ्या छटांची होती. मुलं वाचली. तेव्हा कंपनी बदलली असेल त्या दिवशी "मिलिलिटरला किती युनिट?" असं तुम्ही मोकळेपणाने विचारा. चांगल्या केंद्रावर याचा कुणाला राग येत नाही.

घरी साठा मात्र करू नका. डायलिसिसचं हेपारिन केंद्रावरच दिलं जातं, ते घरी ठेवून वडिलांना काडीचाही उपयोग नाही. बहुतेक व्हायलवर 25 अंशांच्या आत ठेवायची सूचना असते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकतो. शिवाय घाबरून साठा केला की काय होतं हे 2021 च्या एप्रिलमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा रेमडेसिविरचीच बातमी सगळीकडे होती. पण त्याच दिवसांत एनॉक्सापॅरिनची, म्हणजे हेपारिनच्याच जातीच्या औषधाची, पोटात टोचायची भरलेली सिरिंज मिळवायलाही लोक गोळे कॉलनीतल्या होलसेल दुकानांपासून ओझरपर्यंत फिरत होते, आणि गरज नसलेल्या घरांत त्या फ्रिजमध्ये पडून होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

हेपारिन प्रयोगशाळेत बनत नाही, ते प्राण्याच्या शरीरातून काढतात. 1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात रक्त गोठू न देणारं काहीतरी सापडलं, आणि त्याचे शिक्षक विल्यम हॉवेल यांनी पुढे त्यावर काम केलं. माणसाला सुरक्षित देता येईल इतकं शुद्ध हेपारिन 1930 च्या दशकात टोरांटो आणि स्वीडनमध्ये तयार झालं. त्यानंतर बरीच वर्षं गायी-बैलांच्या फुफ्फुसांतून आणि आतड्यांतून, तसंच डुकराच्या आतड्यातून ते काढलं जायचं. 1990 च्या दशकात युरोपात 'मॅड काऊ' रोगाची भीती पसरली, तेव्हा अमेरिका आणि युरोपने गोवंशाचं हेपारिन बाजूला सारलं. उरलं फक्त डुकराच्या आतड्याचं. त्या वेळी हा निर्णय सावधपणाचाच होता, पण त्यामुळे जवळपास सगळ्या जगाचा भार एका प्राण्यावर आला. आणि जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत.

हे काढतात कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुरवठ्याचा कच्चा दुवा तिथेच दिसतो. कत्तलखान्यात आतडं बाहेर काढल्यावर त्याची आतली बुळबुळीत अस्तरत्वचा खरवडून वेगळी करतात. उरलेली नळी सॉसेज भरणारे घेऊन जातात. ही खरवड लवकर नासते, म्हणून ती ताबडतोब गरम टाक्यांत घालून विकराने (एन्झाइमने) पचवतात, म्हणजे प्रथिनं सुटी होतात. मग त्या पातळ द्रवात राळेचे बारीक मणी सोडतात. हेपारिनच्या रेणूवर प्रचंड ऋणभार असल्यामुळे ते मण्यांना चिकटतं. मिठाच्या दाट पाण्याने ते सोडवून घेतात, अल्कोहोल घालून खाली बसवतात आणि वाळवतात. हाती येते ती तपकिरी भुकटी, म्हणजे कच्चं हेपारिन. मोठ्या कारखान्यात तिचं शुद्धीकरण होतं, ती पांढरी होते आणि शेवटी व्हायलमध्ये भरली जाते. एक किलो शुद्ध हेपारिनसाठी हजारांच्या घरात डुकरं लागतात. पांढऱ्या भुकटीपासून पुढचं सगळं काम मोठ्या, तपासणीखालच्या कारखान्यांत चालतं. त्याच्या अलीकडचं, खरवडीपासून तपकिरी भुकटीपर्यंतचं काम असंख्य छोट्या ठिकाणी विखुरलेलं. 2008 पर्यंत यातल्या अनेक ठिकाणी कुठल्याही औषध नियामकाचा माणूस पोहोचलेला नव्हता.

ते वर्ष या क्षेत्रातला प्रत्येक माणूस लक्षात ठेवतो. 2007 च्या अखेरीस अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मुलांच्या रुग्णालयात डायलिसिस सुरू करताच काही मुलांचे चेहरे सुजायला लागले, रक्तदाब कोसळायला लागला. आधी संशय यंत्रावर आणि नळ्यांवर गेला. नळ्या धुण्याची पद्धत बदलली, तरी प्रकार थांबेना. मग इतर राज्यांतूनही तशाच बातम्या आल्या आणि सगळ्यांतला समान धागा एकच निघाला: बॅक्स्टर कंपनीचं हेपारिन. 2008 च्या सुरुवातीला ते परत मागवलं गेलं. अमेरिकेच्या नियामकाकडे शेकडो गंभीर प्रतिक्रियांच्या आणि 81 मृत्यूंच्या नोंदी आल्या. नंतर भेसळीचा माल अकरा देशांत सापडला.

भेसळ होती ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची. गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतं ते कॉन्ड्रॉइटिन, कूर्चेतून निघणारं, स्वस्त. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून जादा सल्फेट चढवलं की ते हेपारिनसारखं वागतं. त्या काळी हेपारिनचा कस मेंढीच्या रक्तद्रवात तपासायचे: गोठायला किती उशीर लागतो ते पाहायचं. हा नकली पदार्थही रक्त उशिराच गोठवतो, त्यामुळे चाचणीत पास होत होता. माणसाच्या रक्तात गेल्यावर मात्र तो ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य भराभर तयार करवतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब तळाला जातो. त्याला पकडलं ते एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले राम शशिशेखरन यांच्या गटाचा त्या शोधात मोठा वाटा होता.

याच्या थोडं आधी, 2006-07 मध्ये, चीनमधल्या डुकरांत 'ब्लू इअर' नावाची साथ आली होती. डुकरं मेली, आतडी महागली, कच्च्या हेपारिनचा भाव चढला आणि भेसळीला भाव आला. ज्या चिनी कारखान्यातून माल गेला होता, त्याची अमेरिकी नियामकाने कधी तपासणीच केली नव्हती, कारण कागदोपत्री तो मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याशी घोळला गेला होता. पुरवठ्याच्या सुरक्षेबद्दल कुणी विचारलं की मी आधी हीच साखळी सांगतो: प्राण्यांत साथ, मग टंचाई, मग भाववाढ, मग भेसळ. टंचाई आणि भेसळ हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळले, तर दोन्ही सुटत नाहीत.

यानंतर तपासणी खरोखर सुधारली. एनएमआर सक्तीची झाली, कस मोजायची पद्धत बदलली, आणि कच्च्या मालातच भेसळ आणि प्राण्याची जात तपासा, अशी सूचना 2013 मध्ये अमेरिकी नियामकाने उत्पादकांना दिली. त्यामुळे 2018 च्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला आणि वर्षभरात तिथल्या डुकरांची संख्या प्रचंड घटली, तेव्हा 2008 सारखं मरणसत्र झालं नाही. टंचाईचे चटके मात्र बसले, आणि ते नाशिकपर्यंत पोहोचले. स्टॉकिस्टकडून आठवड्याचा कोटा ठरवून मिळायला लागला. शंभर व्हायल मागितल्या की चाळीस यायच्या.

भारतात हेपारिन शुद्ध करणारे आणि व्हायल भरणारे चांगले कारखाने आहेत, हैदराबादमध्ये तर हे काम कित्येक वर्षं चालू आहे. पण त्यांना लागणारा कच्चा माल मुख्यतः बाहेरून येतो. 2018 नंतर त्याचा भाव तिपटीच्या घरात गेला, आणि आपल्याकडे हेपारिनच्या विक्रीच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते. मर्यादा योग्यच आहे, नाहीतर डायलिसिसचा गरीब रुग्ण लुटला जाईल. पण कच्चा माल तिप्पट आणि विक्रीची किंमत जिथल्या तिथे, असं झालं की कंपनी उत्पादन कमी करते. अखेर 2020 च्या जूनमध्ये, कोविडमुळे हेपारिनची मागणी एकदम वाढलेली असताना, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने विशेष अधिकार वापरून हेपारिनची कमाल किंमत वर्षाअखेरपर्यंत 50 टक्क्यांनी वाढवू दिली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, फक्त उशिरा आला. कच्च्या मालाचा भाव अमुक टक्क्यांच्या वर गेला की मर्यादेचा आढावा आपोआप सुरू व्हावा, अशी सोय अत्यावश्यक औषधांसाठी असायला हवी. फाइल फिरेपर्यंत डायलिसिस थांबत नाही.

याला जोडूनच टेंडरचं सांगतो, कारण त्यातला दोष मला रोज दिसतो. रुग्णालयं, सरकारी काय आणि खासगी काय, सर्वांत कमी दर भरणाऱ्या एकाच पुरवठादाराला वर्षभराचं काम देतात. दोन-तीन वर्षं हे चाललं की बाकीचे त्या औषधातून बाहेर पडतात. कांद्याचं आपल्या जिल्ह्याला सांगायला नको: भाव पडला की पुढच्या हंगामात लागवड घटते आणि मग टंचाई होते. हेपारिनचं तसंच आहे, फक्त बंद पडलेली उत्पादन ओळ पुन्हा उभी करून तिला मंजुरी मिळवायला एका हंगामापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून माझा आग्रह असतो की एकूण खरेदीतला मोठा वाटा कमी दरवाल्याला द्या, पण ठरावीक वाटा दुसऱ्याला ठेवा, आणि त्या दुसऱ्याचा कच्चा माल वेगळ्या ठिकाणचा आहे ना, हे लेखी विचारा. दोन कंपन्यांची लेबलं लावलेला माल एकाच चिनी कारखान्यातून आलेला असेल, तर दोन पुरवठादार असूनही आपण एकावरच उभे असतो. आणि माल घेताना बॅचचं तपासणी प्रमाणपत्र बघा, त्यात एनएमआरचा निकाल आहे का ते बघा. बॅक्स्टरच्या प्रकरणानंतर इतकी वर्षं गेली, तरी हे न मागणारे खरेदीदार मला अजून भेटतात आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता दुसऱ्या प्राण्याचा विषय. तो आपल्याकडे अवघड आहे, तरी बोलायलाच हवा.

2019 च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे 90 लाख डुकरं आहेत, आणि त्यांची कत्तल इतकी विखुरलेली आहे की आतडी गोळा करणं परवडत नाही. म्हशी मात्र जवळपास 11 कोटी. म्हशीचं मांस निर्यात करणारे आधुनिक, नोंदणीकृत कत्तलखाने देशात आहेत, तिथे प्रत्येक जनावराची पशुवैद्यकीय तपासणी होते आणि आतडी एका जागी मिळतात. महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्यात म्हैस येत नाही. 'मॅड काऊ' रोगाच्या दृष्टीने जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला 2010 मध्ये नगण्य जोखमीचा देश ठरवलेलं आहे. म्हणजे ज्या भीतीने पाश्चात्त्य देशांनी दुसरा स्रोत बंद केला, ती भीती इथे सर्वांत कमी आहे. म्हशीच्या आतड्यापासून औषधी दर्जाचं हेपारिन काढण्यावर आपल्या देशात गंभीरपणे, सरकारी पैसा घालून काम व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

पण एक धोका ओळखून. डुकराचं आणि गायी-म्हशींचं हेपारिन हुबेहूब सारखं नसतं. साखरेच्या साखळीवर सल्फेट कुठे बसलंय यात फरक असतो, आणि गोवंशाच्या हेपारिनचा वजनामागे कस कमी भरतो. ब्राझीलने याची किंमत मोजली आहे. तिथे दोन्ही प्रकारचं हेपारिन एकाच नावाने, एकमेकांच्या जागी वापरलं जात होतं. 2008 च्या सुमारास पुरवठा हलल्यावर एका प्रकाराच्या जागी दुसरं आलं, आणि हृदयशस्त्रक्रियांत रक्तस्राव वाढल्याच्या तक्रारी आल्या. कारण उघड आहे. बायपासच्या वेळी वजनाच्या किलोमागे 300 ते 400 युनिट हेपारिन देतात, साठ किलोच्या माणसाला अख्खी 25,000 युनिटची व्हायल जवळपास संपते. शस्त्रक्रियेनंतर ते उतरवायला प्रोटामिन द्यावं लागतं, आणि त्याचा हिशोब हेपारिनच्या प्रकारानुसार बदलतो. (हे प्रोटामिनही सामन माशाच्या नराच्या वीर्यातून काढतात. त्याच्या पुरवठ्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.) ब्राझीलने पुढे दोन्हींची औषधसंहितेत वेगळी मानकं केली. आपणही नवा स्रोत आणायचा तर पहिल्या दिवसापासून वेगळं नाव, वेगळं मानक, लेबलवर मोठ्या अक्षरांत प्राण्याचं नाव, असंच आणलं पाहिजे.

लेबलवर प्राण्याचं नाव हवं, याला आणखी एक कारण आहे. मालेगावहून येणारे मुस्लिम रुग्ण, नाशिकची जैन आणि शाकाहारी कुटुंबं, कुणी ना कुणी कधीतरी विचारतंच की हे कशापासून बनतं. काही जण प्रश्न उडवून लावतात. मी खरं ते सांगतो, आणि आजवर खरं सांगितल्यामुळे कुणी उपचार सोडून गेलेलं मी पाहिलेलं नाही. जीव वाचवण्यासाठी दुसरा पर्याय नसताना घ्यायला हरकत नाही, असं बहुतेक धर्मांचे जाणकार सांगतात, आणि लोक आपल्या मौलवींशी किंवा महाराजांशी बोलून येतात. म्हशीचं हेपारिन काहींना हवंसं वाटेल, काहींना तेही चालणार नाही. निवड करता येणं हाही पुरवठ्याच्या सुरक्षेचा भाग आहे.

प्राण्याशिवाय होत नाही का? होतं, अर्धंमुर्धं. फोंडापॅरिनक्स पूर्णपणे रासायनिक पद्धतीने बनतं. हेपारिनच्या लांब साखळीतला पाच साखरांचा नेमका कामाचा तुकडा घेऊन तो पन्नासएक पायऱ्यांनी तयार करतात, आणि भारतीय कंपनी डॉ. रेड्डीजने ते बनवून 2011 पासून अमेरिकेत विकलं, हे आपल्या रसायनशास्त्रज्ञांचं कर्तृत्व आहे. पण ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, त्यामुळे तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाच्या उपयोगाचं नाही, आणि प्रोटामिनने उतरतही नाही. एनॉक्सापॅरिनला लोक हेपारिनचा पर्याय समजतात. ते हेपारिनच तोडून बनवतात, म्हणजे त्याचंही मूळ डुकरातच. विकरांच्या मदतीने प्रयोगशाळेत हेपारिन घडवण्याचं काम अमेरिकेत रॉबर्ट लिनहार्ट आणि जियान लिऊ यांच्या गटांनी बरंच पुढे नेलं आहे. ते स्वस्तात, टनांच्या हिशोबाने बनू लागेल तेव्हा हा सगळा प्रश्नच बदलेल. तोवर आहे ते सांभाळायचं आहे.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याच विषयातलं म्हणून लिहितो. रिव्हरोक्साबान, एपिक्साबान, डॅबिगॅट्रान या रक्त गोठू न देणाऱ्या नव्या गोळ्या 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आल्या, आणि पेटंट संपल्यावर आपल्याकडे खूप स्वस्तही झाल्या. त्यामुळे अनेकांचा असा समज झालाय की जुनी वॉरफरिन आणि ॲसेनोकुमारॉल आता गेली तरी चालतील. हे धोकादायक आहे. सुरगाणा, पेठ, कळवण भागात लहानपणी संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण अजून येतात. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना नव्या गोळ्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची अशी चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली होती. झडप आकसलेल्या संधिवाती हृदयरोगातही 2022 च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत रिव्हरोक्साबानपेक्षा जुनीच औषधं सरस ठरली. म्हणजे आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या या तरुण रुग्णांचा जीव दोन-तीन रुपयांच्या जुन्या गोळीवर आहे, जिच्यात कंपनीला फारसं काही सुटत नाही. बाजारातून नाहीशी होताना ती सगळी एकदम जात नाही. आधी एखादी मात्रा मिळेनाशी होते. 2 मिलिग्रॅम संपली की सुरगाण्याचा रुग्ण 4 मिलिग्रॅमची गोळी सुरीने अर्धी करतो, एक तुकडा मोठा होतो, एक लहान, आणि महिन्याभराने आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते दाखवणारा आकडा) कधी दीड तर कधी पाच. मी सगळ्या दुकानदार मित्रांना विनंती करतो की ही गोळी ठेवताना सगळ्या मात्रा ठेवा, विक्री कमी असली तरी. आणि हा संधिवाती ताप मुळातच रोखणारं बेंझाथिन पेनिसिलिनही अधूनमधून जगभर तुटतं, कारण त्याचा मूळ घटक बनवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

रुग्णालयात आम्ही काय करू शकतो? बरंच काही, आणि त्याला सरकारी आदेश लागत नाही. हातावरच्या साध्या सलाइनच्या सुईत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनचं पाणी सोडायची जुनी सवय अनेक वॉर्डांत आहे. तिथे नुसतं सलाइन तितकंच चांगलं काम करतं. उघडलेल्या व्हायलवर तारीख-वेळ न लिहिल्यामुळे अर्धी व्हायल फेकली जाते, ते थांबवता येतं. डायलिसिसमध्ये रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाला हेपारिनशिवाय, दर पंधरा ते तीस मिनिटांनी सलाइन सोडून डायलिसिस करता येतं. यात परिचारिकेचं काम वाढतं, म्हणून ते सरसकट करायचं नाही, पण टंचाईत हे कौशल्य हाताशी असलं पाहिजे. आणि टंचाई आलीच तर हेपारिन आधी कुणाला, हे आधीच लिहून ठेवायला हवं. हृदयशस्त्रक्रिया आणि डायलिसिसला पर्याय कमी, म्हणून ते आधी. पायाच्या शिरेतल्या गुठळीला गोळी चालत असेल तर तिथे गोळी. हे ठरवण्याची वेळ रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या एकट्या डॉक्टरवर यायला नको.

साठा किती ठेवावा, यावर माझं मत आहे की रुग्णालयाने दोन ते तीन महिन्यांचा ठेवावा आणि जुना आधी वापरून तो फिरता ठेवावा. जिल्हा पातळीवर वेगळा राखीव साठा असावा. 2027 च्या सिंहस्थात लाखो वयस्कर माणसं इथे येतील, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके येणारच, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या जोडीला हेपारिन किंवा एनॉक्सापॅरिन लागतंच. ती खरेदी पर्वणीच्या तोंडावर केली तर आसपासच्या जिल्ह्यांतला माल नाशिककडे ओढला जाईल आणि धुळे-नंदुरबारचं डायलिसिस अडचणीत येईल. ती टप्प्याटप्प्याने, आधीपासून व्हायला हवी.

ताई, तुमच्या हातात जे आहे ते शेवटी सांगतो. वडिलांच्या डायलिसिसच्या वहीत दर वेळी हेपारिनची कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्या. केंद्रात सांगितलं की ते लिहून देतात. सुई काढल्यावर फिस्टुलामधून (डायलिसिसच्या सुया टोचायला हातावर तयार केलेल्या शिरेतून) नेहमीपेक्षा जास्त वेळ रक्त येत राहिलं, किंवा उलट डायलायझरमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाळणीत, गुठळ्या झाल्या, तर त्या दिवशीच्या बॅचसमोर तशी खूण करा आणि डॉक्टरांना दाखवा. डायलिसिस सुरू झाल्या झाल्या चेहऱ्यावर सूज, धाप, घाम, रक्तदाब उतरणं असं काही झालं तर तिथल्या तिथे ओरडून सांगा. त्यानंतर केंद्राने ती प्रतिक्रिया कळवली का ते विचारा. नसेल कळवली तर तुम्ही स्वतः कळवू शकता. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे रुग्णाच्या नातेवाइकाची तक्रारही घेतली जाते. सेंट लुईसमध्ये दोन-चार मुलांच्या सुजलेल्या चेहऱ्यांची नोंद कुणीतरी वर कळवली, म्हणून भेसळ पकडली गेली. तक्रारीसोबत बॅच नंबर दिला तरच ती उपयोगी पडते, कारण बाजारातून माल परत मागवायचा तो बॅचच्या नावानेच मागवता येतो.